सोमवार की शुक्रवार

४ सप्टेंबर २००५, रविवार सकाळ. कट्रिना वादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळून सहा दिवस झाले होते. एनबीसी वाहिनीच्या 'मीट द प्रेस' या कार्यक्रमात जेफरसन पॅरिशचे अध्यक्ष ॲरन ब्रूसार्ड बोलत होते आणि बोलता बोलता त्यांना रडू कोसळलं. (लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात, जुन्या कॅथलिक अमलाची ती खूण.) त्यांनी सांगितलेली हकीकत अशी : त्यांच्या आपत्कालीन विभागातल्या एका सहकाऱ्याची आई सेंट बर्नार्ड पॅरिशमधल्या नर्सिंग होममध्ये अडकली होती. ती मुलाला रोज फोन करायची, कोणी येतंय का विचारायची. मुलगा सांगायचा, मंगळवारी येतील, बुधवारी येतील, गुरुवारी, शुक्रवारी. आणि शुक्रवारी रात्री ती बुडाली.

ही मुलाखत जगभर दाखवली गेली. वॉशिंग्टनने माणसांना मरू दिलं, याचा पुरावा म्हणून ती आजही सांगितली जाते.

आपल्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो बखर आणि अस्सल कागद यांतला फरक ओळखण्याचा. बखर खोटीच असते असं नाही. ती नंतर लिहिलेली असते, ऐकून लिहिलेली असते. तिच्यातलं दुःख खरं असतं आणि तारीख चुकलेली असते. ब्रूसार्ड यांची हकीकत या अर्थाने बखर होती. त्यांच्या रडण्यात खोट नव्हती, पण पुढच्या काही आठवड्यांत पत्रकारांनी त्या सहकाऱ्याला गाठून दिवस जुळवले तेव्हा चित्र बदललं. फोन झाले होते ते वादळाच्या आधी, शनिवारी २७ आणि रविवारी २८ ऑगस्टला. ते मुलाने नर्सिंग होमला केले होते आणि त्यांत मागणी एकच होती : माणसं हलवा. आई गेली ती सोमवारी, २९ ऑगस्टला. २५ सप्टेंबरला त्याच कार्यक्रमात ही तफावत ब्रूसार्ड यांच्यासमोर ठेवली गेली, तेव्हा ते भडकले. एका आईच्या मृत्यूच्या तारखेचा कीस काय पाडता, असा त्यांचा सूर होता.

कीस पाडावाच लागतो. मृत्यू शुक्रवारचा असेल तर आरोपी वेगळा आणि सोमवारचा असेल तर वेगळा. चार दिवस वाट पाहून माणसं बुडाली असतील तर मदत न पाठवणारं सरकार जबाबदार. ती सोमवारी सकाळीच बुडाली असतील तर प्रश्न रविवारी जातो : हलवायचं की नाही, हे कोणी ठरवलं? आणि सोमवारच्या सकाळचेही तास मोजायला घेतले, पाणी कुठून आणि किती वेगाने आलं हे पाहिलं, तर बोट तिसरीकडेच वळतं. ती आई जिथे होती त्या सेंट रिटा नर्सिंग होममधल्या ३५ मृत्यूंची सगळी कायदेशीर कथा या तीन दिशांमधली ओढाताण आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवतो. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे गल्लीतल्या डॉक्टरांचं दहा-वीस खाटांचं खासगी रुग्णालय. बाळंतपण तिथे, अपेंडिक्स तिथे. १९४९ चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा याच अर्थाचा. अमेरिकेत मात्र नर्सिंग होम म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या, स्मृती गेलेल्या, नळीने जेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं कायमचं राहण्याचं ठिकाण. घर आणि इस्पितळ यांच्या मधलं. खर्चाचा मोठा भाग सरकार 'मेडिकेड' योजनेतून उचलतं आणि संस्था बहुतेक खासगी असतात. पैसा सरकारी, धंदा खासगी आणि माणूस असा की ज्याला स्वतः उठून दाराबाहेर जाता येत नाही. जबाबदारीचा प्रश्न इथून सुरू होतो.

सेंट रिटा ही सेंट बर्नार्डमधली एकमजली विटांची इमारत. साल्वाडोर आणि मेबल मांगानो या दांपत्याची. वीसेक वर्षं ते ती चालवत होते. वादळाच्या दिवशी तिथे किती माणसं होती, याचा अंदाज आरोपपत्रातल्या कलमांवरून येतो : मृतांसाठी ३५ आणि वाचलेल्यांसाठी २४. बेरीज एकोणसाठ.

रविवार, २८ ऑगस्टचे कागद एकापुढे एक मांडले की त्या दिवसाची हवा कळते. सकाळी दहा वाजून अकरा मिनिटांनी राष्ट्रीय हवामान सेवेच्या स्लायडेल इथल्या कार्यालयाने एक पत्रक काढलं. सरकारी हवामान पत्रकं कोरडी असतात, हे नव्हतं. बहुतांश प्रदेश कित्येक आठवडे राहण्यायोग्य उरणार नाही, घरांची छपरं आणि भिंती पडतील, पाण्यावाचून माणसांचे हाल होतील, असं त्यात होतं. त्याच सकाळी महापौर रे नेगिन यांनी न्यू ऑर्लिन्स सक्तीने रिकामं करण्याचा हुकूम काढला. सेंट बर्नार्डमध्ये मात्र सक्तीचा हुकूम नव्हता. तिथल्या अधिकाऱ्यांनी निघून जाण्याची आग्रहाने शिफारस केली होती. 'हुकूम' आणि 'शिफारस' या दोन शब्दांमधल्या अंतरावर पुढे दोन वर्षांनी मोठी झुंज झाली.

दुपारी एक फोन आला. करणारे डॉ. ब्रायन बर्तुची, पॅरिशचे कोरोनर. (मुंबईतही १९९९ पर्यंत कोरोनर होता, अपघाती मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी.) त्यांनी साक्षीत सांगितलं की माणसं हलवायला दोन बसगाड्या आणि चालक देऊ केले होते. मेबल मांगानो यांनी त्या नाकारल्या : परिचारिका आहेत, जनित्र आहे, नातेवाइकांशी बोलणं झालंय. त्याच पॅरिशमधल्या इतर नर्सिंग होमनी माणसं हलवली होती. सरकारी पक्षाच्या हातातला सर्वांत वजनदार पुरावा तो हाच.

वादळ सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास ब्युरास इथे किनाऱ्यावर आलं. इमारत वाऱ्याला टिकली. मांगानो कुटुंब तिथेच होतं, ते माणसांना टाकून पळून गेले नव्हते. ते पळाले अशी बातमी सुरुवातीला फिरली होती आणि तीही बखरच निघाली. मग सकाळ चढल्यावर पाणी आलं. बचावलेल्यांच्या सांगण्याप्रमाणे वीसेक मिनिटांत ते छताच्या जवळ पोचलं. वीस मिनिटांत तुम्ही-आम्ही टेबलावर चढू, खिडकी फोडू, पोहू. ज्याला कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागतो त्याचं काय? कर्मचाऱ्यांनी आणि मालकांच्या नातेवाइकांनी खिडक्या फोडल्या, म्हाताऱ्यांना गाद्यांवर घालून तरंगवत बाहेर ओढलं, होडीत घातलं. चोवीस जण निघाले.

१३ सप्टेंबरला मांगानो दांपत्य बॅटन रूजमध्ये राज्याच्या मेडिकेड गैरव्यवहार विभागापुढे हजर झालं आणि त्यांना अटक झाली. प्रत्येकी ५० हजार डॉलरचा जामीन. पाण्यात बुडालेल्या माणसांसाठी गैरव्यवहार विभाग का, असं वाटेल. त्याचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये आहे. १९७५ च्या आसपास तिथे नर्सिंग होम मालकांचा मोठा घोटाळा उघडकीला आला. सरकारी पैसा खाणं आणि म्हाताऱ्यांचे हाल करणं ही एकाच धंद्याची दोन तोंडं आहेत, असं तेव्हाच्या चौकशांतून दिसलं. त्यासाठी नेमलेल्या खास वकिलाच्या कार्यालयावरून १९७७ मध्ये देशभर असे विभाग उभे राहिले, आणि पैशाच्या अफरातफरीबरोबर रहिवाशांच्या छळाची आणि हेळसांडीची चौकशीही त्यांच्याकडेच आली. सेंट रिटामध्ये पैशाची तक्रार नव्हती. पण म्हाताऱ्या माणसाला इजा झाली की अमेरिकी राज्याचा हात ज्या कपाटाकडे जातो, ते कपाट हे.

ॲटर्नी जनरल चार्ल्स फोटी यांनी अटकेच्या दिवशी जाहीर केलं की इशारे मिळूनही या दोघांनी काही केलं नाही आणि त्यांच्या निष्क्रियतेमुळे माणसं मेली. त्या आठवड्यात देशाला कोणीतरी आरोपी हवा होता, आणि कट्रिनाच्या संदर्भात कोणाच्या तरी हाती बेड्या पडल्या त्या या दोघांच्या. हा माझा तर्क आहे, कागदात लिहिलेलं नाही. पण तारखा बघा. प्रेतं हलवून आठवडाही झाला नव्हता, पूर अडवणारे बांध का फुटले याची चौकशी धड सुरू व्हायची होती, आणि अटक झालीसुद्धा.

आरोपांकडे नीट पाहायला हवं. मराठी वर्तमानपत्राने याला डोळे मिटून 'सदोष मनुष्यवध' म्हटलं असतं. ते चूक. लुइझियानाच्या दंडसंहितेतलं कलम १४:३२ आपल्या तेव्हाच्या दंडसंहितेतल्या ३०४-अ च्या जवळचं आहे : हलगर्जीपणाने मृत्यू घडवणं. पण हा हलगर्जीपणा साधा चालत नाही. कलम १४:१२ त्याची व्याख्या करतं : त्याच परिस्थितीत वाजवी काळजी घेणारा माणूस जसा वागला असता, त्या पातळीच्या फार खाली घसरलेलं, दुसऱ्याच्या हिताची पर्वा न करणारं वर्तन. चूक नव्हे, गफलतही नव्हे, ढळढळीत घसरण. शिक्षा जास्तीत जास्त पाच वर्षं, दर मृत्यूमागे. वाचलेल्या चोवीस जणांसाठी वेगळं कलम, दुर्बलांशी क्रूर वागण्याचं, आणि त्याची कमाल शिक्षा दहा वर्षं. म्हणजे मेलेल्या माणसापेक्षा वाचलेल्या माणसाचं कलम जड. कायद्याच्या पुस्तकात अशी गंमत अधूनमधून सापडते.

खटला सेंट बर्नार्डमध्ये चालणं शक्य नव्हतं. तिथलं जवळजवळ प्रत्येक घर पाण्याखाली गेलं होतं. तटस्थ ज्युरी आणायची कुठून? तो शंभरेक मैलांवर, मिसिसिपीच्या काठच्या उंच टेकाडावर वसलेल्या सेंट फ्रान्सिसव्हिल गावी गेला. न्यायाधीश जेरोम विन्सबर्ग. ज्युरी सहा जणांची, कारण लुइझियानात सक्तमजुरी होऊ शकते पण व्हायलाच हवी असं नाही, अशा गुन्ह्यांना सहाच जण बसतात. सहांचंही एकमत लागतं. हा नियम अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये घालून दिला, तोही लुइझियानाच्याच एका खटल्यात.

२००७ च्या ऑगस्टमध्ये कामकाज सुरू झालं. सरकारी पक्षाची बाजू सरळ होती : पत्रक होतं, बस होत्या, शेजारच्या संस्था हलल्या, तुम्ही हलला नाहीत. बचावाचे वकील जेम्स कॉब यांनी उलट दिशेने चढाई केली. या माणसांना हलवणं हेच मुळात धोक्याचं होतं. आधीच्या वादळांत ही जागा बुडाली नव्हती. सक्तीचा हुकूम कोणी दिला नव्हता. आणि मुख्य म्हणजे माणसं वाऱ्याने किंवा पावसाने मेली नाहीत, बांध फुटल्यामुळे मेली. बांध मांगानोंनी बांधले नव्हते. बचावाने थेट तत्कालीन राज्यपाल कॅथलीन ब्लँको यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणलं. आरोपी नर्सिंग होमचे मालक आणि उलटतपासणी जणू राज्याची, असा तो देखावा.

७ सप्टेंबर २००७ ला ज्युरी विचाराला बसली आणि चारेक तासांत बाहेर आली. एकोणसाठच्या एकोणसाठ आरोपांतून निर्दोष मुक्तता.

या निकालाचा अर्थ काय, यावर आजही वाद घालणारे आहेत. कॉब यांनी २०१३ मध्ये पुस्तक लिहिलं. ते वाचनीय आहे आणि वकिलाचं आहे. दोन्ही लक्षात ठेवून वाचावं. माझ्या मते ज्युरीने कायद्याचं बरोबर केलं. व्याख्येतले 'त्याच परिस्थितीत' हे शब्द तिने गंभीरपणे घेतले. पण त्यावरून रविवारचा निर्णय योग्य ठरत नाही. दहा वाजून अकरा मिनिटांचं पत्रक वाचल्यावर, दोन बस देऊ केल्या जात असताना, एकमजली इमारतीत एकोणसाठ असहाय माणसांसह थांबणं ही चूक होती, असं मला वाटतं. ती गुन्हा होती असं वाटत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये जी जागा उरते तिथे दिवाणी कायदा राहतो.

त्या जागेतला एक महत्त्वाचा कागद नेमका निकालाच्या दोन दिवस आधीचा आहे, आणि फौजदारी खटल्याच्या गदारोळात तो फारसा कोणी पाहिला नाही. ५ सप्टेंबर २००७ ला लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने पेंडलटन मेथडिस्ट रुग्णालयाच्या प्रकरणात निकाल दिला. कट्रिनात तिथली वीज गेली आणि कृत्रिम श्वासयंत्रावरची एक रुग्ण दगावली. रुग्णालयाचं म्हणणं, हा वैद्यकीय निष्काळजीपणाचा दावा आहे. असं म्हणण्यात मोठी सोय होती. त्या राज्यात १९७५ पासून वैद्यकीय निष्काळजीपणाच्या भरपाईला पाच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि कोर्टात जाण्याआधी डॉक्टरांच्या समितीपुढे जावं लागतं. न्यायालय म्हणालं, नाही. जनित्राची सोय न करणं, माणसं हलवण्याची व्यवस्था न ठेवणं हा उपचार नव्हे. ही इमारत चालवणाऱ्याची साधी जबाबदारी आहे आणि तिला ती मर्यादा लागू नाही. डॉक्टरची चूक आणि व्यवस्थापकाची चूक यांच्यात न्यायालयाने रेघ ओढली. नर्सिंग होममध्ये दगावलेल्यांच्या वारसांच्या दृष्टीने, फौजदारी निकालापेक्षा ही रेघ जास्त कामाची.

आता 'हलवणंच धोक्याचं' या बचावाकडे. तो नुसता वकिली डाव नव्हता. मांगानोंना अटक झाल्यानंतर दहाच दिवसांनी, २३ सप्टेंबर २००५ ला, रिटा नावाचंच दुसरं वादळ टेक्सासवर येत होतं. योगायोग विचित्र खरा. ह्यूस्टनजवळच्या बेलेअर इथल्या वृद्धनिवासातून ४४ जणांना घेऊन एक बस उत्तरेला निघाली होती. डॅलसच्या अलीकडे विल्मर गावाजवळ तिने पेट घेतला. मागच्या आसाच्या चाकातल्या बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं; आत प्राणवायूच्या नळकांड्या होत्या. तेवीस जण गेले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल वाचताना अंगावर काटा येतो तो आगीमुळे नाही. चालू शकत नसलेल्या माणसांना त्या दारातून बाहेर काढायला किती वेळ लागत होता, त्या तपशिलामुळे येतो. सेंट रिटामधलं पाणी आणि विल्मरची आग यांत फरक तेवढाच : एका ठिकाणी माणसं हलवली नव्हती आणि दुसरीकडे हलवली होती.

मग नियम काय सांगत होता? १९८७ च्या सुधारणा कायद्यानंतरच्या संघीय नियमांत प्रत्येक नर्सिंग होमकडे आग, वादळ अशा संकटांसाठी लेखी योजना असणं बंधनकारक होतं. योजना असावी, एवढंच. माणसं कधी हलवायची, कोणी हुकूम द्यायचा, बस कोणाची, यावर मौन. संघीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी ऑगस्ट २००६ मध्ये अहवाल दिला. देशातली ९४ टक्के नर्सिंग होम योजनेच्या कसोटीला उतरली होती. आणि आखाती किनाऱ्यावरची जी वीस नर्सिंग होम तपासणाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिली, त्या सगळ्या विसांना वादळात अडचणी आल्या होत्या. हललेल्यांनाही आणि थांबलेल्यांनाही. कागद पूर्ण, माणसं पाण्यात. सरकारी तपासणी कशाची होते आणि कशाची होत नाही, हे दाखवणारा याहून बोलका आकडा माझ्या पाहण्यात नाही. त्या वादळात लुइझियानात गेलेल्यांची नंतरची मोजणी ९७१ ची आहे. त्यांतले जवळपास निम्मे पंचाहत्तरी ओलांडलेले होते.

नियम कडक व्हायला अकरा वर्षं लागली. नवा संघीय नियम सप्टेंबर २०१६ मध्ये निघाला, पाळण्याची मुदत १५ नोव्हेंबर २०१७. त्या मुदतीला दोन महिने उरले असताना इर्मा वादळाने फ्लॉरिडातल्या हॉलिवुड गावच्या एका पुनर्वसन केंद्राची वातानुकूलन यंत्रणा बंद पाडली. दिवे चालू होते, थंड हवा नव्हती. पाण्याऐवजी उकाड्याने माणसं गेली आणि हाकेच्या अंतरावर मोठं रुग्णालय होतं. बारा मृत्यूंची नोंद वैद्यकीय तपासनिसाने 'मनुष्यवध' अशी केली. व्यवस्थापकावर खटला झाला. सरकारी पुरावा संपताच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, न्यायाधीशांनीच त्याला मुक्त केलं. पुन्हा तोच प्रकार. व्यवस्थापनाची चूक दिसते, गुन्ह्याची व्याख्या भरत नाही.

आणि लुइझियाना? २९ ऑगस्ट २०२१. कट्रिनाला बरोबर सोळा वर्षं, त्याच तारखेला आयडा वादळ आलं. सात नर्सिंग होमचे मालक बॉब डीन यांनी सेंट रिटाचा धडा गिरवला असं वरकरणी वाटेल : त्यांनी सगळ्यांना आधीच हलवलं. आठशेहून अधिक म्हातारी माणसं, इंडिपेंडन्स नावाच्या गावातल्या एका गोदामात. जमिनीवर गाद्या, तुंबलेले संडास, आत शिरणारं पाणी. या वेळी 'हलवलं' हेच आरोपीच्या विरोधात गेलं. दुर्बलांशी क्रौर्य, मेडिकेडची फसवणूक आणि चौकशीत अडथळा अशा आरोपांना त्यांनी जुलै २०२४ मध्ये विरोध केला नाही. तीन वर्षांची परिवीक्षा आणि पैशाचा भरणा, तुरुंग नाही. इथे १९७७ ची ती जुनी जोडी, पैसा आणि हेळसांड, एकाच आरोपपत्रात भेटते. सेंट रिटामध्ये सरकारी पक्षाला ती सापडली नव्हती. सापडली असती तर सहा जणांच्या ज्युरीला चार तास पुरले असते का, असं वाटून जातं.

राहता राहिली तिसरी दिशा. पाणी कुठून आलं?

सेंट बर्नार्डच्या लोकांना हा प्रश्न नवा नव्हता. १९२७ च्या महापुरात न्यू ऑर्लिन्स वाचावं म्हणून त्यांच्याच पॅरिशमधला कार्नार्व्हनचा बांध २९ एप्रिलला सुरुंग लावून उडवण्यात आला होता. त्यांची घरं आणि शेतं ठरवून बुडवली, भरपाईची आश्वासनं दिली आणि हाती फार थोडं दिलं. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, अमेरिकेने पूरनियंत्रण कायदा केला. बांधांचं काम सरकारने अंगावर घेतलं आणि त्याच कायद्यात लिहून ठेवलं की पुराच्या पाण्याने झालेल्या नुकसानीची कोणतीही जबाबदारी सरकारवर राहणार नाही.

१९५६ मध्ये मंजूर होऊन साठच्या दशकात लष्कराच्या अभियंता दलाने समुद्रापासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत ७६ मैलांचा जलमार्ग खणला. त्याचं नाव लांबलचक, लोक त्याला 'मिस्टर गो' म्हणत. जहाजं अपेक्षेएवढी आलीच नाहीत. कडा मात्र ढासळत राहिल्या, कालवा मूळ आखणीच्या तिपटीच्या घरात रुंद झाला, खारं पाणी शिरून वादळाची लाट अडवणारी दलदल आणि झाडी मेली. त्या कडेचे बांध सोमवारी सकाळी फुटले. वीस मिनिटांत छताला लागलेलं पाणी त्या वाटेने आलं होतं.

याची सुनावणी झाली, नर्सिंग होमच्या खटल्यापासून वेगळी. १८ नोव्हेंबर २००९ ला न्यू ऑर्लिन्समधले संघीय न्यायाधीश स्टॅनवुड ड्युव्हाल यांनी १५६ पानांचा निकाल दिला. अभियंता दलाला धोका अनेक वर्षं माहीत होता आणि त्यांनी कालव्याची निगा राखली नाही, असा त्याचा गाभा. १९२८ च्या ढालीतून त्यांनी वाट काढली : हा पूरनियंत्रणाचा नव्हे, जहाजांचा कालवा आहे. सेंट बर्नार्डच्या पाण्याला सरकार जबाबदार, असं एका न्यायालयाने पहिल्यांदा लिहिलं. मूठभर वादींना मिळून सुमारे ७ लाख २० हजार डॉलर मंजूर झाले. मागे हजारो दावे रांगेत होते.

मार्च २०१२ मध्ये पाचव्या अपील न्यायालयाने हा निकाल कायम केला. निकालपत्र लिहिलं न्यायाधीश जेरी स्मिथ यांनी. सहा महिन्यांनी, २४ सप्टेंबर २०१२ ला, त्याच न्यायालयाने आपला निकाल मागे घेतला आणि उलटा दिला : कालव्याच्या कडांचं काय करायचं हा धोरणाचा निर्णय होता आणि धोरण ठरवण्याच्या मोकळिकीवर दावा चालत नाही. हेही निकालपत्र लिहिलं जेरी स्मिथ यांनीच. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घ्यायला नकार दिला.

कालवा त्याआधीच, २००९ मध्ये, दगडांचा बांध घालून बंद करण्यात आला होता.